सुखरूप

मराठीतील काही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यांच्या पोटात काय दडले आहे इकडे आपले लक्षच जात नाही. 'सुखरूप' हा त्यांपैकीच एक. बदलीच्या गावी जाऊन पोहोचलो म्हणजे आम्ही घरी कळवितो, 'सुखरूप पोहोचलो.' आणि घरात मूल जन्मास आले म्हणजे कळवितो, 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' या दोन प्रसंगांखेरीज तिसऱ्या एखाद्या प्रसंगी आम्ही हा शब्द वापरल्याचे आम्हांस फारसे आठवत नाही. कचेरीतून संध्याकाळी परतलेला कारकून 'सुखरूप आलो' असे दारातून सांगत नाही. कोणाचे लग्न 'सुखरूप लागले' असेही आपण म्हणत नाही, जरी तसे म्हणण्यास पुष्कळदा वाव असतो. प्रवास आणि प्रसूती, जेथून माणूस माघारी येईलच अशी पूर्वी शाश्वती नसे, अशा या दोन वाटांसाठी भाषेने हा शब्द जणू राखून ठेवला आहे. आगगाडीच्या प्रवासाचे भय आता कोणाला उरलेले नाही. दुसऱ्या वाटेचे भय मात्र अजून पुरते सरलेले नाही, हे आम्हांस गेल्या वर्षी कळले. आणि तेही फार उशिरा कळले.

आम्ही केंद्र सरकारचे एक कारकून. पदवी आहे, दहा-बारा वर्षांची नोकरी आहे, आणि सध्या मुक्काम कलकत्त्यास आहे. स्वतःस 'आम्ही' म्हणण्याची जुन्या निबंधकारांची रीत आम्ही हौसेने उचलली असून आजवर ती कोठे अडली नव्हती. पण सौभाग्यवतीस दिवस राहिले आणि त्या 'आम्ही'ची मर्यादा आमच्या ध्यानात आली. 'आम्हांस मूल होणार आहे' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'आम्ही बाळंत होणार आहोत' असे मात्र कोणा पुरुषास म्हणता येत नाही. अनेकवचनाचा डौल दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतो. तेथून पुढे जिचे तिलाच जावे लागते.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो पाळण्याजोगी परिस्थिती नव्हती. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या. आमच्या आईने नवव्या महिन्यात साताऱ्याहून येण्याचे ठरविले होते. पण आठव्यात ती अंगणात पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. तेव्हा बाळंतपण कलकत्त्यातच करावयाचे ठरले. आम्ही ते ठरविले, आणि सौ.ने मान डोलाविली. तिच्या त्या मान डोलावण्यास आम्ही संमती समजलो. कचेरीत वरिष्ठ बोलत असताना आम्ही स्वतः ज्या रीतीने मान डोलवितो, ती रीत त्या वेळी आम्हांस आठवावयास हवी होती.

ती कमी बोलू लागली होती. रात्री मध्येच उठून खिडकीशी बसे. विचारले तर म्हणे, 'काही नाही, झोप येत नाही एवढेच.' गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमास गेलो असता तेथील महिला वर्गाने तिला प्रेमाने मध्ये बसवून घेतले. निवृत्त मंडळी जमली म्हणजे प्रत्येक जण आपल्या बदल्यांच्या हकिकती सांगतो आणि प्रत्येकाची बदली आधीच्यापेक्षा अधिक बिकट निघते, तसेच बाळंतपणाच्या हकिकतींचे आहे. एकीस दीड दिवस कळा आल्या होत्या, तर दुसरीस दोन. तिसरीच्या जावेच्या वेळी तर डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटी सगळ्या जणींनी मिळून, 'पण तू मुळीच घाबरू नकोस हं,' असा उपदेश केला. परत येताना टॅक्सीत सौ.चा हात आमच्या हातात होता, आणि तो गार पडला होता.

तेव्हा आम्हांस वाटले की, आता आपण काही केले पाहिजे. कारकुनास काही करावयाचे म्हणजे तो आकडे गोळा करतो. आम्ही तेच केले. रात्री जेवणानंतर आम्ही तिला समजावून सांगितले की, आपल्या देशात २००४ ते २००६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ९७ वर आला. म्हणजे शेकडा प्रमाण काढले तर ते एक दशांशाहूनही कमी भरते. तेव्हा भिण्याचे कारण नाही. आमचे निवेदन मुद्देसूद होते, आणि त्यात कोणास चूक काढता आली नसती. सौ.ने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'अहो, त्या सत्त्याण्णव जणींनाही कोणीतरी असेच समजावले असेल.' एवढे बोलून ती भांडी विसळावयास उठली.

यानंतर आठ-पंधरा दिवसांनी गॅसचे पुस्तक शोधताना ओट्याच्या खणात आम्हांस एक शंभर पानी वही सापडली. पहिल्या दोन पानांवर सौ.च्या नीटस अक्षरात क्रमांक घालून काही कलमे लिहिली होती. गॅसचे पुस्तक पिठाच्या डब्यामागे आहे. दूधवाल्याचे पैसे पाच तारखेस द्यावे. तो खाडे धरीत नाही, म्हणून दिनदर्शिका पाहावी. विम्याचा हप्ता ऑक्टोबरात. कपाटाच्या वरच्या खणातील तोडे आईचे आहेत, ते वहिनीकडे पोहोचवावे. तुमचा गरम कोट धुलाईस दिला आहे, पावती देवाच्या फळीवर आहे. अशी दहा कलमे होती. आम्ही नोकरीत तीन वेळा कार्यभार सोपविला आहे. तेव्हा हा कसला कागद आहे हे ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाही. आमची पत्नी आपल्या संसाराचा कार्यभार आमच्याकडे सोपवीत होती. अकरावे कलम असे होते: मुलगी झाली तर तिच्या कानांवर बाळंतपणाच्या गोष्टी लहानपणी पडू देऊ नयेत.

गॅसचे पुस्तक खरोखरच पिठाच्या डब्यामागे होते. ते हातात घेऊन आम्ही बराच वेळ स्वयंपाकघरात तसेच उभे राहिलो.

त्या रात्री आम्ही आकडे सांगितले नाहीत. फक्त वही पाहिल्याचे सांगितले आणि विचारले, 'तुझ्या कानांवर काय पडले होते?' तेव्हा कोठे ती बोलली. सहा वर्षांच्या संसारात न सांगितलेली गोष्ट तिने अर्ध्या तासात सांगितली. ती आठ वर्षांची असताना कोकणात आजोळी गेली होती. धाकटी मावशी बाळंतपणास आलेली. कळा सुरू झाल्या तसे सगळ्या मुलांना ओटीवर बसवून हाती पत्ते दिले आणि दार ओढून घेतले. मूल झाले, ते रडलेही. बायका 'सुटली गं बाई' म्हणाल्या. मुलांनी पत्ते पुन्हा वाटले. मग आत एकाएकी धावपळ झाली. वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हते. गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. घाट चढून तालुक्याच्या गावी पोहोचण्यापूर्वीच मावशी गेली. आठ वर्षांच्या पोरीस कोणीही काही सांगितले नाही. कारण तिला काही कळत नाही, असे सर्वांचे मत होते. तिला दाराच्या फटीतून दिसलेले एक घमेले तेवढे आठवत होते. त्यावर फडके झाकलेले होते.

'मला कळांचं भय नाही,' ती म्हणाली. 'सगळं आटोपलं, आता सुटली, असं सगळ्यांनी म्हटल्यानंतर जे होतं, त्याचं भय आहे.'

आपण बायकांच्या या भीतीस भित्रेपणा समजतो, किंवा लाड समजतो. आणि 'सगळ्याच बायका बाळंत होतात' हे वाक्य तिच्यावर औषधाप्रमाणे ओततो. पण हे भय नवे नाही, आणि एकट्या-दुकट्या बाईचेही नाही. लुई व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने १८५८ सालीच पहिलटकरणींच्या या धास्तीची नोंद केली होती. २००० साली हॉफबर्ग व ब्रॉकिंग्टन या इंग्लंडातील दोघा मनोवैद्यांनी तिच्या तीव्र रूपास 'टोकोफोबिया' असे ग्रीक नाव दिले, आणि तिचे प्रकार सांगितले; त्यांतील दोन असे: एक, मूल होण्यापूर्वीच मनात घर केलेले भय, दुसरे, एका बाळंतपणात पोळल्यावर पुढच्याचे वाटणारे. ग्रँट्ली डिक-रीड या इंग्रज डॉक्टराने तर १९३३ पासून असे प्रतिपादन चालविले होते की, भयाने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते, आणि वाढलेली वेदना पुन्हा भयास वाढविते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याचा एक उलटा अर्थही निघतो. तो असा की, जिला दुखले ती भ्याली म्हणून दुखले. वेदना तर तिचीच होती, आता दोषही तिचाच! आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे बोलणे निदान अधिक प्रामाणिक होते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे ते म्हणत. दुसरा जन्म म्हटला की, दोहोंच्या मध्ये काय येते ते न बोलताच समजावयाचे. आपली सगळी भाषाच त्या जाणिवेने भरलेली आहे. बाई 'अडते', मग 'सुटते', 'मोकळी होते'. जणू ती कोणाच्या तरी कैदेत होती.

पुढच्या तपासणीच्या वेळी आम्ही डॉक्टरीणबाईंना वहीची हकिकत सांगितली. त्या बंगाली असून वयाने पन्नाशीच्या, आणि बोलण्यास तुटक. त्यांनी आमच्याकडे न पाहता सौ.स खुर्ची जवळ ओढावयास सांगितली आणि विचारले, 'नेमके कशाचे भय वाटते?' तिने मावशीची गोष्ट सांगितली. 'काही होणार नाही' असे त्या म्हणाल्या नाहीत, याचे आम्हांस नवल वाटले. त्या म्हणाल्या, 'तुमच्या मावशीस जे झाले ते आजही होते. पण आज आम्ही त्याची वाट पाहत बसत नाही.' मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. मूल बाहेर येताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनची सुई दिली जाते, तिने गर्भाशय आवळते आणि रक्त कमी जाते. वार पडेपर्यंत आणि पडल्यावरही पोटावर हात ठेवून पाहतात. रक्त किती गेले ते मोजतात. तुमच्या गटाचे रक्त कोठून मिळावयाचे ते आधीच ठरविलेले असते. तुमच्या अंगात लोह कमी आहे, ते या महिन्यात भरून काढावयाचे. ते काम तुमचे. नंतर त्यांनी परिचारिकेबरोबर तिला प्रसूतीची खोली पाहावयास पाठविले. ती परत आली तेव्हा म्हणाली, 'भिंतीवर मोठे घड्याळ आहे, आणि दार काचेचे आहे.' दार काचेचे आहे ही गोष्ट तिने आम्हांस त्या दिवशी तीन वेळा सांगितली.

भय गेले असे नाही. पण आजवर ते घरभर पसरलेले होते, ते आता एका जागी येऊन बसले. त्यास नाव मिळाले, आणि त्यावरचा इलाज कोणत्या कपाटात ठेवला आहे तेही समजले. आमच्या आकड्यांनी जे साधले नाही ते यामुळे थोडेफार साधले. आकडे खोटे नव्हते; पण आकडा लाख बायकांविषयी बोलत होता, आणि सौ.चा प्रश्न एकीविषयी होता.

याच सुमारास आम्हांस एका पूर्वसूरीची आठवण झाली. आमच्याप्रमाणेच एक मराठी सरकारी नोकर बदलीच्या निमित्ताने या बंगालात येऊन राहिला होता. टपालखात्यातील गोपाळराव जोशी ते. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास त्यांचा मुक्काम होता, आणि तेथील कॉलेजात १८८३ साली त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास का जात आहो हे भर सभेत सांगितले. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या, आणि ते मूल दहा दिवसांत गेले होते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यक व्यवसायास पात्र ठरल्या. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एका रविवारी सौ.स घेऊन आम्ही श्रीरामपुरास गेलो. गंगेच्या काठावरील कॉलेजसमोर ती बराच वेळ उभी राहिली. नंतर म्हणाली, 'भय तर यांनाही वाटलं असेल. पण यांनी वही निराळी लिहिली.'

माहेर नव्हते म्हणून आम्ही वर म्हटले. ते पुरतेसे खरे नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक विधवा वृद्धा राहतात. सारा जिना त्यांना मासीमा म्हणतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण कोण करणार, या विवंचनेत आम्ही असतानाच त्यांनी जाहीर केले की, बौमाची 'साध' आमच्या घरी होईल. 'साध' म्हणजे बंगाल्यांचे डोहाळजेवणच. गर्भवतीस जे जे खावेसे वाटते ते ते तिला पाटावर बसवून खाऊ घालावयाचे. पाच प्रकारची भाजी, मासा, आणि शेवटी पायेस. सौ. मासा खात नाही, म्हणून त्यांनी तो तिच्या पानाजवळ नुसता मांडून ठेवला. डोहाळे पुरवावे, तिच्या मनात काही राहू देऊ नये, हा विचार तेथेही आणि येथेही सारखाच. त्या जेवणाच्या कौतुकामागे जुन्या बायकांच्या मनातील कोणते काहूर असेल, ते आम्हांस वही वाचल्यानंतर उमजले.

तीन मुलांची आई झालेल्या मासीमांनीच पुढचाही प्रश्न सोडविला. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाचे माणूस असावे, ही गोष्ट आता शास्त्रास मान्य झाली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत अशा सोबतिणीस मुभा दिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या आपल्या शिफारशींत त्यावर भर दिला. म्हणजे सुईण, आई आणि मावशी यांनी भरलेली जुनी खोली आपण एकदा रिकामी केली, आणि आता तीत एक खुर्ची पुन्हा ठेवीत आहोत. आमच्या रुग्णालयाचा नियम सोबतीस बाईच हवी असा होता. आम्हांस बाकडे मिळाले, आणि मासीमांना खुर्ची.

सरकारने आम्हांस पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा दिली आहे. त्या रजेचा पहिला दिवस आम्ही त्या बाकड्यावर काढला. रात्री अकरास सौ.स आत नेले. काचेच्या दारातून आम्हांस फक्त मासीमांची पांढरी पाठ दिसत होती. त्या तिला 'मा' म्हणून हाक मारीत होत्या आणि बंगालीत काही सांगत होत्या. सौ.स बंगाली बेताचेच येते. पण त्या स्वरास भाषांतराची गरज नव्हती. पहाटे साडेचारास मूल रडले. आम्ही उठून उभे राहिलो. आणि तेवढ्यात आमच्या मनात आले की, हाच तो क्षण. हिच्या लेखी भयाची सुरुवात आता होते. सर्व जण 'सुटली' म्हणतात, आणि मुले पत्ते पुन्हा वाटतात. आम्ही बसलो नाही. आत एक परिचारिका लगबगीने कपाटाशी गेली, दुसरीने डॉक्टरीणबाईंना काही विचारले. दहा मिनिटे गेली, वीस गेली. आयुष्यात इतके लक्षपूर्वक आम्ही एखाद्या दाराकडे पाहिले नसेल.

मग मासीमा बाहेर आल्या. रक्त थोडे अधिक गेले होते. दुसरे औषध द्यावे लागले, आणि ते थांबले. त्या म्हणाल्या, 'मेये. दुजनेई भालो आछे.' मुलगी, आणि दोघीही ठीक आहेत. आम्ही आईला दूरध्वनी केला. 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत,' एवढे म्हणताना आमचा आवाज अडला. तिकडे आई प्लॅस्टरमधल्या हातासकट देवापुढे बसली असेल.

सौ. नंतर म्हणाली, 'धावपळ झाली ती मला दिसत होती. मी मासीमांना विचारलं, काय झालं? त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणि डॉक्टरांनी मला सांगितलं. मला सांगितलं हो!' रक्त थांबल्यापेक्षाही आपल्याला सांगितले, याचेच तिला अधिक अप्रूप वाटत होते. ओटीवर बसविलेल्या त्या आठ वर्षांच्या मुलीस कोणीतरी अखेर दार उघडून दिले होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साताऱ्याहून आईचा दूरध्वनी आला: आज सटवाई येते, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावयास विसरू नका. पाचच मिनिटांत खालून मासीमा आल्या. आज षष्ठीची रात्र. विधातापुरुष कपाळी लिहावयास येतो, दौत-कलम काढून ठेवा. दोन भाषांतील दोन वृद्ध स्त्रियांनी एकच फर्मान काढले होते. कारकुनाच्या घरात लेखणीस तोटा नाही, पण कोरा कागद काही सापडेना. जो तो एका बाजूने लिहिलेला. सौ.ने उशीखालून ती शंभर पानी वही काढली. आम्ही तिच्याकडे पाहिले.

'पुढची दोन पानं लिहिलेली आहेत,' ती म्हणाली, 'पण मागची सगळी कोरीच आहेत की!'

तीच वही आम्ही पाटावर ठेवली. सकाळी तीत सटवाईचे अक्षर काही उमटलेले नव्हते. सध्या ती बाळाच्या लशींच्या तारखा आणि दूधवाल्याचे खाडे यांनी भरत आहे. पुढची दोन पाने सौ.ने फाडली नाहीत, आणि आम्हीही तसे सुचविले नाही. अकराव्या कलमात मात्र तिने परवा दुरुस्ती केली. 'लहानपणी पडू देऊ नयेत' हे शब्द खोडून तिने लिहिले आहे: 'ती विचारील तेव्हा खऱ्या सांगाव्यात.'